बोलू दे तिला

भाषण भरात आलं होतं आणि तेवढ्यात बाईंना समोरच्या माणसाचे ओठ वाचता आले. वाचायचे असं काही ठरवलं नव्हतं. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या जशा आपोआप वाचल्या जातात, तसं ते झालं. त्या सीमांच्या विधेयकावर बोलत होत्या. नव्या नकाशात त्यांच्या मतदारसंघाचे तीन तुकडे कसे केलेत, घाऊक बाजाराच्या एकाच गल्लीतली डावीकडची दुकानं एका आमदाराकडे आणि उजवीकडची दुसऱ्याकडे कशी गेलीत, एकाच घरातली भावंडं तीन नातेवाइकांकडे वाटून द्यावीत तशा त्यांच्या वस्त्या कशा वाटल्यात, हे सांगत होत्या. निम्मं आयुष्य शाळेत भूगोल शिकवण्यात गेलेलं, त्यामुळे सभागृहाचा वर्ग व्हायला त्यांना वेळ लागत नसे. "सीमा नदीची असते, डोंगराची असते," त्या म्हणत होत्या, "पण ही जी टेकडीकडे बाहेर आलेली जीभ आहे, ती कुठल्या नदीची?" बाकं वाजली. त्या आवाजात पाण्याचा घोट घ्यायला त्यांनी ग्लास उचलला, आणि ग्लासाच्या काठावरून त्यांना पलीकडे, अर्थमंत्र्यांच्या बाकाशी रेलून उभे असलेले काका दिसले. काका म्हणजे त्यांच्याच पक्षाचे नेते. त्यांना सगळे काकाच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. मंत्र्यांची पाठ बाईंकडे होती, काकांचं तोंड सरळ समोर, दिव्याखाली. ओठ हलले. बोलू दे तिला. 'बोलू द्या' नव्हे, 'बोलू दे'. सभागृहात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी ही दोन माणसं एकमेकांना अरेतुरे करतात, हे बाईंना आधी कळलं, आणि बाकीचं मागाहून. तिला आता बसायला जागाच कुठे उरलीय. पोराचं तेवढं पक्कं झालं ना? मंत्र्यांचं डोकं हललं. काकांनी हसून रुमालाने मिशी पुसली. त्यामुळे एक-दोन शब्द गेले, आणि मग रुमाल खाली आला. अनुदानाचं आम्ही ताणणार नाही. मुक्याबहिऱ्यांची शाळा. बोंब कोण मारणार?

ग्लास तोंडाशी तसाच राहिला. पाणी कोमट होतं आणि त्याला आदल्या दिवसाचा वास येत होता. सीमा बदलायच्या तर मतदानाला हजर असलेल्यांची दोन-तृतीयांश मतं लागतात, आणि सरकारकडे तेवढी नव्हती. म्हणून तर बाई गेले कित्येक महिने सभेसभेतून सांगत आल्या होत्या, की आपण सगळे एकत्र बसून राहिलो तर हा नकाशा फाटतो. काका शेजारी बसून मान डोलवत. दुसरं विधेयक खर्चकपातीचं. त्यात दवाखाने होते, वाचनालयं होती, आणि शहराबाहेरच्या टेकडीवरची बहिऱ्या मुलांची निवासी शाळा होती. त्या शाळेत बाईंची थोरली बहीण, ताई, लहानपणी शिकली आणि पुढे तिथेच मुलींना शिवण शिकवायला राहिली. तिचं घर म्हणजे ती शाळाच. दोन्ही विधेयकं बाईंनी अंगावर घेतली होती. पक्षाने घेतली आहेत असं त्या समजत होत्या. आता काकांची चार माणसं मतदानाच्या वेळी चहाला गेली की पुरे. बदल्यात काकांच्या मुलाला टेकडीकडची ती जीभ मिळणार, जिच्यात नव्या इमारती होत्या आणि काकांना मानणारी माणसं होती. हे सगळं बाईंना एका घोटात कळलं, आणि कळल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती ही, की भाषणाची अजून चार पानं बाकी आहेत.

ओठ वाचण्याची विद्या घरातली. ताई सुट्टीत घरी आली की शाळेने दिलेला अभ्यास आरशासमोर बसून करायची, आणि धाकटी तिच्या कडेला चिकटून. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. 'प' म्हटलं की पट्टी फडफडते, 'ब' म्हटलं की नुसती थरथरते, 'म' म्हटलं की हलतच नाही. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, म्हणून ती पट्टी. बाईंचं घरातलं नाव धड उच्चारता येईना तेव्हा ताईने स्वतःच एक नाव पाडलं, बबू. नुसते ओठ मिटायचे, उघडायचे, पुन्हा मिटायचे. ताईला आवाज होता, पण तो सुरात नव्हता. कधी दाराच्या बिजागरीसारखा, कधी एकदम मोठा. एकदा दुकानात माणसं वळून बघायला लागली तेव्हापासून ती बाहेर आवाज न काढता नुसती ओठांनी बोलायची, आणि तिचं बोलणं धाकटी मोठ्याने जगाला सांगायची. बंद खिडकीच्या काचेच्या आत एक आणि बाहेर एक, असा त्यांचा खेळ दुपारभर चाले. घड्याळं दुरुस्त करणारे वडील भिंग डोळ्यात घालून बसलेले असत. ते म्हणत, या दोघींना भांडायला आवाजसुद्धा लागत नाही. धाकटीला पुढे नोकरी मिळाली, नवरा मिळाला, तो लवकर गेला, निवडणूक मिळाली. या सगळ्यात ती विद्या कुठे कामाला आली नव्हती. आज आली. आणि आली तेव्हा ती विद्या आहे की भास, हे सिद्ध करायला पट्टीसुद्धा हाताशी नव्हती.

बाईंनी ग्लास खाली ठेवला. त्या बोलायला लागल्या ते भाषणातलं नव्हतं. "अध्यक्ष महाराज, आमच्या नेत्यांनी आत्ताच अर्थमंत्र्यांना विचारलं, पोराचं पक्कं झालं ना म्हणून. मी बोलत असताना. मी बोलतेय ते बोलू दे म्हणाले." शाळेचं वाक्य मात्र त्यांच्या तोंडातून निघालं नाही. ते जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. एवढ्या लांबचं यांना ऐकू कसं आलं, असं कोणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, मी ऐकलं नाही, वाचलं. मग जे हसू उठलं ते दोन्ही बाजूंनी उठलं. किती वर्षांत दोन्ही बाजू एकदम हसल्या नव्हत्या. चष्मा कुठून घेतलात, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, आमच्या मनातलंही वाचा. काका सावकाश आपल्या जागेवर आले, उभे राहिले, आणि त्यांच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "बाई दमल्या आहेत, अध्यक्ष महाराज. रात्रंदिवस धावतायत. घरी बघायला कोणी नाही. आम्हीच लक्ष द्यायला हवं होतं." अध्यक्षांनी बाईंची वाक्यं कामकाजातून काढून टाकली. बाई खाली बसल्या तेव्हा शेजारच्या बाकावरच्या माणसाने आपली वही अलगद स्वतःकडे ओढून घेतली, वेडाची लागण होते तशी.

काकांनी त्यांना मागच्या जिन्याशी गाठलं. कोणी येत-जात असलं की ते हसत, कोणी नसलं की हसू तिथेच ठेवून बोलत. त्यांनी काही नाकारलं नाही. नाकारण्याइतकी किंमतही त्यांनी बाईंना दिली नाही. नकाशा होणारच, सरकार कोणाचंही असो, होतोच. तुमच्या बाजूने झाला असता तर तुम्ही त्याला भूगोल म्हणाला असता, असं ते म्हणाले. बाईंनी विचारलं, माझ्याच मतदारसंघावर का? काका म्हणाले, कारण तुम्ही रडणार नाही हे ठाऊक होतं, आणि तुमच्या मागे रडणारंही कोणी नाही. मग त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवून त्यांना समजावलं, हळू, हुशार पण हट्टी मुलीला समजावतात तसं.

"बाई, तुम्ही शिक्षक. तुम्हाला वाटतं उत्तर बरोबर आलं की मार्क मिळतात. उद्या उठून एवढंच म्हणा, समजण्यात चूक झाली. शाळेचं अनुदान मी कात्रीतून बाहेर काढून देतो. नकाशाला विरोध करायचाय? खुशाल करा. तुमच्या एका मताने काय होतंय?"

एवढं म्हणून ते उतरून गेले. बाई कठड्याशी उभ्या राहिल्या. राग यावा असं त्यांना वाटत होतं आणि राग येत नव्हता. त्याऐवजी एक जुना, शाळेच्या दिवसांतला ओशाळेपणा अंगावर येत होता. फळ्यावर नकाशा काढताना खडू मोडावा आणि पाठीमागे वर्ग खिदळावा, तेव्हाचा. मागे वळायचं नाही, हे त्या पहिल्याच वर्षी शिकल्या होत्या. दुसरा खडू घ्यायचा आणि किनारपट्टी पुढे काढायची. त्यांनी ठरवलं की माफी मागायची नाही. खरं तर ठरवलंही नाही. माफी मागणाऱ्या बाई त्यांना डोळ्यांसमोर आणताच येईनात. फक्त हे ताईला आधी सांगावं, तिच्या तोंडून एकदा 'बरोबर' असं ऐकावं, म्हणून त्यांनी टॅक्सी केली आणि ऊन असतानाच टेकडीवर पोचल्या.

शिवणाचा वर्ग सुरू होता. दोन रांगांत पायमशिनं आणि त्यांचा एवढा गदारोळ की बाईंना दाराशीच कानावर हात ठेवावेसे वाटले. आत मात्र कोणालाच त्याचं काही नव्हतं. मुली शांतपणे खाली बघून शिवत होत्या. एवढ्या आवाजात एवढे शांत चेहरे. बाईंना त्या खोलीची नेहमीच थोडी भीती वाटत आली होती. तास संपल्याच्या दिव्याची उघडझाप झाली, पाय थांबले, मुली गेल्या. ताईने तोंडात धरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या, म्हणजे आता बोलता येईल. तिला सगळं कळलेलं होतं. दुपारीच काकांचा माणूस येऊन मुख्याध्यापिकेला भेटून गेला होता. बाईंनी तरीही पहिल्यापासून सांगितलं. ओठ, रुमाल, पोराचं पक्कं झालं ना. बोंब कोण मारणार, एवढंच गाळलं. तिला ते कशाला सांगायचं, असं त्यांना वाटलं. ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, तिच्या त्या बघण्याच्या पद्धतीने, डोळ्यांत न बघता थोडं खाली. मग ती तिच्या त्या आवाजात, खोलीत दुसरं कोणी नव्हतं म्हणून आवाजात, म्हणाली, "बबू, माफी माग."

बाईंनी समजावून बघितलं. आज शाळा वाचेल, उद्या दुसरं काही मागतील. एकदा वाकलं की माणूस वाकलेलाच राहतो. त्या जे बोलत होत्या ते सभेत बोलायचं होतं आणि सभेसारखंच बाहेर येत होतं. ताईने खडूने कापडावर एक रेघ मारली आणि विचारलं, तुला नक्की ठाऊक आहे तो तेच बोलला? बाई म्हणाल्या, मी वाचलं. ताई हसली. तुला वाचता येत नाही, ती म्हणाली. कधीच येत नव्हतं. माझं तोंड वाचायचीस, कारण मी तुझ्यासाठी ते मोठं करायचे, हळू करायचे, अर्धवट पोराला भरवतात तसं. बाकीचं तू आधी ठरवायचीस. तो माणूस चोर आहे हे तुला आधीच ठाऊक होतं; ओठ नुसतं निमित्त. बाई म्हणाल्या, आणि तो चोर आहेच की. ताई म्हणाली, असेल. म्हणून तुला वाचता येतं असं होत नाही. यावर बाईंनी जे म्हटलं ते म्हणायचं नव्हतं. त्या म्हणाल्या, शाळा बंद झालीच तर तू माझ्याकडे ये, तुला कुठे काय कमी पडणार आहे? ताईच्या हातातला खडू थांबला.

"तुझ्याकडे," ती म्हणाली. "आयुष्यभर तू माझ्यासाठी बोललीस. दुकानात, दवाखान्यात. तो छापखान्यातला मुलगा बघायला आला होता, तेव्हाही तूच बोललीस. मी 'हो' म्हणाले होते, बबू."

बाईंना तो दिवस आठवायला वेळ लागला नाही. बाहेरच्या खोलीत पाहुणे, मधल्या दाराशी पडदा, पडद्याच्या फटीतून दिसणारा ताईचा चेहरा, आणि वडिलांनी वळून धाकटीला विचारलेलं, काय म्हणतेय गं ती? मुलाचे कान चांगले होते, पण मोठ्या आवाजाच्या यंत्रांमध्ये काम करून तो कमी बोलायचा. मनगटापर्यंत शाई. ताईचे ओठ गोल झाले होते. धाकटीने मोठ्याने सांगितलं होतं, नको म्हणतेय. 'हो' आणि 'नको', दोन्हींच्या शेवटी ओठ गोलच होतात. पण नकोला आधी जीभ वर लागते, दात दिसतात. दिसले होते का? बाई आता त्या फटीत डोळे घालून बघत होत्या आणि तिथे ताईच्या चेहऱ्याच्या जागी काकांचा रुमाल येत होता. इतक्या वर्षांत ताई हे कधी बोलली नव्हती. ती आज हे खरं म्हणून बोलतेय की टाचणी म्हणून, हे तिच्या ओठांवरून कळेना. "खोटं," बाई म्हणाल्या. "तू नको म्हणालीस. तुला शाळा सोडायची नव्हती." पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ताईने डोळे मिटून घेतले. ती अशीच भांडण संपवायची, लहानपणापासून. एकदा डोळे मिटले की जगातलं कुठलंच वाक्य तिच्यापर्यंत पोचत नसे. बाईंनी हात पुढे करून ताईच्या खांद्याला लावला, आणि ताईने खांदा काढून घेतला, डोळे न उघडता.

दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या उपाहारगृहात बाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. टेबल चौघांचं होतं, आणि जागा नसताना माणसं उभी राहून खात होती. भिंतीवरचा टीव्ही नेहमीप्रमाणे आवाज बंद करून ठेवलेला. त्यावर टेकडीवरच्या शाळेचं फाटक आलं, मग शिवणाचा वर्ग, आणि मग ताई. तिने केस नीट बांधले होते. शेजारी मुख्याध्यापिका उभी होती, ताईचं बोलणं मोठ्याने सांगायला, जे काम कधीकाळी बाईंचं होतं. ताई कॅमेऱ्यासमोर आवाज न काढता बोलत होती, बाहेर बोलायची तशी. आज तिने ओठ मोठे केले नव्हते, हळूही केले नव्हते. ती भरभर बोलत होती, आपल्या माणसांत बोलावं तसं, आणि बाईंना त्यातला शब्दन् शब्द कळला. माझ्या बहिणीला ओठ वाचता येत नाहीत. लहानपणी आम्ही खेळायचो, तिला वाटायचं येतं, मी तसं वाटू दिलं. ती मनाने चांगली आहे. तिची तब्येत बरी नसते. बाईंच्या हातातला चमचा बशीवर वाजला. आजूबाजूची माणसं टीव्हीकडे बघत नव्हती, बाईंकडे बघत होती. बाईंच्या मनात एक विचित्र आनंद उसळून गेला, मला येतं, बघ, मला येतं. आणि त्याच उसळीच्या पोटात त्यांना समजलं की हे आता कोणालाही सांगता येणार नाही. सांगायचं तर ताईला जगासमोर खोटी पाडावी लागेल. ताईने हे मुद्दाम असं बांधून दिलं होतं, दुहेरी टाक्याने.

सभागृह भरलं तेव्हा काका स्वतः काही बोलले नाहीत. त्यांनी ते काम मंत्र्यांमागे बसणाऱ्या एका जाड गळ्याच्या सभासदाला दिलं होतं, ज्याला लोक हसवायला म्हणूनच निवडून देत. तो उठला आणि म्हणाला, बाईंची बहीण एक म्हणते, बाई दुसरं म्हणतात, तेव्हा आपण वाद कशाला घालायचा? परीक्षा घेऊ. बाईंनी आमच्या पोरांच्या इतक्या घेतल्या. अध्यक्षांनी नको नको म्हटलं, पण हसत म्हटलं. तो सभासद बाईंकडे वळला, त्याने तोंड उघडलं, आणि आवाज न काढता ओठ हलवले. सांगा, काय म्हणालो? हशा झाला. मग त्याच्या शेजारच्याने तेच केलं. मग मागच्या रांगेने. मग बाईंच्या स्वतःच्या बाजूने, आधी तरुणांनी, मग ज्यांच्याबरोबर बाई उन्हातान्हात फिरल्या होत्या त्यांनी. बघता बघता सगळं सभागृह तोंडं उघडत होतं आणि मिटत होतं, आणि आवाज नव्हता. पंखे तेवढे ऐकू येत होते. पाण्याबाहेर काढलेल्या माशांची रास दिसावी तसं ते दिसत होतं, पण मासे काही म्हणत नसतात.

आणि बाईंना सगळं कळत होतं. तेच भयंकर होतं. काही नुसतेच आ वासत होते, पण बाकीच्यांना आवाज नाही म्हटल्यावर लाज उरली नव्हती. आवाजात जे कोणी कधी म्हणालं नसतं ते सगळं ते म्हणत होते. म्हातारे, घरी जा. बहिरीची बहीण, आता का मुकी झालीस. नवरा सुटला बिचारा. एक जण, ज्याच्या मुलीला बाईंनी शिकवलं होतं, तो एक घाणेरडा शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता, आणि म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर मुलाचा निरागसपणा होता. बाई एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जात होत्या. डोळे मिटून घ्यावेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी ते उघडे ठेवले. अगदी मागे, शेवटच्या रांगेत, चष्मा लावलेला एक अबोल सभासद होता, ज्याच्याशी त्यांची धड ओळखही नव्हती. त्याचे ओठ एकदाच हलले, मिटले, उघडले, पुन्हा मिटले. माफ. आणि त्याने खाली बघितलं. बाईंनी ते उचललं. पदरात पडलेलं एवढंच होतं, पण ते त्यांनी घट्ट धरलं.

"काय, बाई?" जाड गळ्याच्या सभासदाने विचारलं. "काय म्हणालो आम्ही?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे शिवणाचा वर्ग आला, तो गदारोळ, ते शांत चेहरे. "मला काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "कालही चूकच झाली असेल." टाळ्या पडल्या. काकांनी वाकून त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, याला मोठं मन लागतं. नकाशावर मतदान झालं. काकांची माणसं चहाला गेली. बाईंनी विरोधाचं बटण दाबलं, नीट, अंगठ्याने, दिवा लागेपर्यंत दाबून धरलं. फलकावर हिरव्या दिव्यांच्या शेतात तांबडे दिवे थोडेच होते, आणि त्यातल्या कोणत्या दिव्याखाली आपण आहोत हे त्यांना पटकन सापडेना. विधेयक मंजूर झालं. शेवटच्या रांगेतल्या चष्मेवाल्याचा दिवा हिरवा होता.

शाळा वाचली. काका शब्दाचे पक्के होते, निदान शब्द वाकवता येईल एवढ्या टोकापर्यंत. अनुदान मिळालं ते मुलांच्या शिक्षणाला आणि वसतिगृहाला. शिवण हे शिक्षणात बसत नाही असं कुणीतरी वरच्या कचेरीत ठरवलं, आणि सगळंच कसं वाचवणार, म्हणून तेवढा वर्ग बंद झाला. मशिनं विकली. निवडणूक आली तेव्हा बाईंना उभं राहायला खरोखरच जागा नव्हती. तीन तुकड्यांपैकी एकाही तुकड्यात त्या निवडून येण्याइतकी ओळखीची माणसं उरली नव्हती, आणि जी होती तीही रस्त्यात भेटली की म्हणत, बाई, तुमचं सगळं खरं होतं हो, पण नव्या साहेबांनी नळ दिला. टेकडीवर काकांच्या मुलाचा सत्कार झाला. बहिऱ्या मुलांनी त्याच्यासाठी हात हवेत हलवून टाळ्या वाजवल्या, तसं वर्तमानपत्रात छायाचित्र आलं. आणि ताई, दोन पेट्या आणि एक मशीन घेऊन, बाईंकडे राहायला आली. तिला दुसरीकडे जागा नव्हती.

दोघी नीट वागत. ताई भाजी चिरून ठेवी, बाई फोडणी देत. मशीन मागच्या खोलीत होतं आणि ताई दुपारभर ते चालवे. खालच्या मजल्यावरून तक्रार आली ती बाईंनी तिला सांगितली नाही. छापखान्यातल्या मुलाबद्दल कोणी काही विचारलं नाही. टीव्हीवरच्या त्या बोलण्याबद्दलही नाही. एका दुपारी ताई फोन हातात घेऊन स्वयंपाकघरात आली. कोणीतरी तिला ती चित्रफीत पाठवली होती; ती तेव्हापासून गावभर फिरतच होती. सभागृहातली ती सगळी उघडमीट होणारी तोंडं. लोक ती आवाज नाही म्हणून हसत बघत. ताईने ती पुन्हा पुन्हा बघितलेली दिसत होती. ती खुर्ची ओढून बसली आणि बाईंच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "तुला यातलं काही कळलं होतं?"

बाईंनी गॅस बारीक केला. "नाही," त्या म्हणाल्या. "तूच म्हणालीस ना, मला येत नाही."

ताईने विश्वास ठेवला की ठेवायचं ठरवलं, हे बाईंना सांगता आलं नसतं. "मग ऐक," ती म्हणाली, आणि फोन टेबलावर उभा करून वाचायला लागली. तिला आपला आवाज किती मोठा आहे हे कधीच कळलं नव्हतं, आणि खिडकी उघडी होती. पहिल्या रांगेपासून तिने सुरुवात केली, डावीकडून उजवीकडे, कुणाला न गाळता, शिवणीचे टाके मोजावेत तशी. म्हातारे, घरी जा. बहिरीची बहीण. नवरा सुटला बिचारा. तो घाणेरडा शब्द तिने पुरा म्हटला, तिच्या त्या बिजागरीच्या आवाजात, आणि खालच्या चौकात कोणाचं तरी बोलणं मध्येच थांबलं. हे ती का करत होती? बाईंना कळावं म्हणून, की आपण काय करायला लावलं ते आपल्याला तरी एकदा ऐकू यावं म्हणून? पण ताईला तर काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकत फक्त बाई होत्या, हातात उलथनं घेऊन, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारख्या, आणि आता खिडकी लावायला जाणं म्हणजे कबूल करणं झालं असतं.

शेवटच्या रांगेशी ताई थांबली. तिने चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, फोन डोळ्यांजवळ धरला.

"हा चष्मेवाला," ती म्हणाली. "बाप. नुसतं बाप. 'बाप रे' म्हणायला गेला असेल. गंमत बघतोय."

"माफ म्हणाला असेल," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून ते गेलंच.

ताईने मान वर केली. बाईंचा चेहरा तिने सावकाश वाचला, ओठांपासून सुरू करून वर डोळ्यांपर्यंत. आणि मग तिने फोन पालथा घातला.

"असेल," ती म्हणाली. "तुला हवं तर."